पाचवं सफरचंद

लोणी, ता. आंबेगाव
९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

प्रिय हातिजाबाई,

लोणीहून तुमच्या विहिणीचा, अंजनाचा, नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. कांद्याचं रोप टाकून झालं, म्हणून आमचे हे दोन दिवस घरात आहेत आणि माझ्या कामात लुडबुड करताहेत. तुमचा गुडघा कसा आहे? अंगणातल्या अक्रोडावर चढून बसू नका, सेल्मा सांगते तुम्ही चढता म्हणून.

परवा तुमची सेल्मा आणि माझा ज्ञानेश्वर तुमच्याकडे यायला निघतील. हे पत्र ज्ञानेश्वर तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवेल. सेल्माला मराठी अजून वाचता येत नाही. बोलते मात्र फडाफडा, आणि तेही आमच्या शेजारणींसारखं. परवा ह्यांना म्हणाली, "मामा, लई ऊन हाय, टोपी घाला." ह्यांनी निमूट घातली. माझं तीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुमच्यात तसं नसलं तरी तुम्ही तिला बोलावलंत, मला बरं वाटलं. फक्त एक गोष्ट मनात राहिली आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. मी ज्ञानेश्वरला विचारलं, तर तो म्हणाला, "बघू, बाळ झाल्यावर ठरवू." दोन वर्षं रांजणगावच्या कंपनीत जाऊन-येऊन करतोय, तुमच्याकडे त्याला काम मिळेलही. तिला काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. का झाली नाही, ते सांगायला हे पत्र लिहायला बसले, आणि बघा, अजून तुमच्या गुडघ्यातच अडकले आहे.

सातव्या महिन्यात आम्ही डोहाळजेवण करतो. पोटुशीला जे खावंसं वाटतं ते करून घालायचं, नाही म्हणायचं नाही. मला वाटलं, चिंच मागेल, भेळ मागेल. ती म्हणाली, "तुफाहिया." अख्खं सफरचंद सोलायचं, आतून पोखरायचं, साखरेच्या पाण्यात शिजवायचं, आत अक्रोडाचं सारण, वर फेटलेली साय. मला वाटलं, एवढंच ना? आम्ही मोरावळा करणारी माणसं!

मंचरहून चांगली लालबुंद सफरचंदं आणली. सुरीने पोखरली, पाकात सोडली आणि दहा मिनिटांत पातेल्यात लापशी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझी चिडचिड बघून आमच्या थोरल्या नणंद ठकूबाई पान लावता लावता म्हणाल्या, "अगं, चुन्याच्या निवळीत टाक की. कोहळ्याच्या पेठ्याला न्हाई का टाकत? फळ कसं ताठ ऱ्हातं बघ." माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, सकाळी वरचं निवळ पाणी घेतलं, त्यात पाच सफरचंदं तासभर बुडवली, चार पाण्यांनी धुतली, आणि मग लिंबू पिळलेल्या पाकात मंद शिजवली. हातिजाबाई, चार फळं अशी उभी राहिली की ठकूबाईंनीही मान डोलावली. पाचव्याचं बूड पोखरताना सुरी आरपार गेली होती, ते पाकात फुटून खाली बसलं.

त्यातलं सगळ्यात देखणं मी सेल्माच्या बशीत ठेवलं. तिची बशी वेगळी आहे. निळ्या फुलांची, काचेची. कपही त्यातलाच. लग्नानंतर ती इथे आली तेव्हा मीच आणला होता.

काल डोहाळजेवणाला बायका ओसरीत बसल्या होत्या. सेल्माने बशीकडे पाहिलं, हसली, आणि बशी तशीच ठकूबाईंच्या हातात दिली. मग पोट सांभाळत उठून आत आली, माझ्याजवळ चुलीपाशी फरशीवर बसली आणि पातेल्यातलं ते बसलेलं सफरचंद माझ्याच ताटलीत काढून घेऊन खायला लागली. मी म्हटलं, "अगं, ते कशाला? फुटकं आहे ते."

ती म्हणाली, "आई, आमच्याकडं चांगली पावण्यांना देत्यात. फुटल्यालं घरच्यांचं. माझी आई मला फुटल्यालंच द्यायची." आणि खाता खाता, काही राग न धरता म्हणाली, "हितं दोन वर्षं मला नुसतं चांगलंच मिळतंय."

मला तिच्याकडे बघवेना.

आता खरं सांगते. ज्ञानेश्वर, इथे अडखळलास तरी चालेल, पण गाळू नकोस. तो कप मी तिच्या मानासाठी आणला नव्हता. लोकांना सांगायचे, परदेशातली पोरगी, तिला आपले स्टीलचे कप कशाला. तुमचा धर्म वेगळा, म्हणून तिचा उष्टा कप माझ्या भांड्यांत नको होता. मी तो वेगळा धुवायचे आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. आल्यापासून महिनाभरातच तिला कळलं असणार, कारण त्यानंतर तीच तो विसळून कट्ट्यावर ठेवायला लागली. रोज, न सांगता. मी पाहायचे आणि माझं एक काम वाचलं म्हणायचे. इतकी मी वाईट.

गेल्या ईदला तुम्ही व्हिडिओ कॉलवर ज्ञानेश्वरमार्फत विचारलंत, माझी लेक कशी आहे तिथे? मी म्हटलं, लेकीसारखी ठेवली आहे. तुम्ही छातीवर हात ठेवून मान लववलीत. तेव्हापासून तुमचा तो हात मला रोज दिसतो. मी खोटं बोलले. मला माफ करा. तिची माफी मी काल तिथेच चुलीपाशी तोंडाने मागितली, तर ती म्हणाली, "आई, रडू नका, पाक करपंल." पाक खरंच करपत होता.

आता तो कप फळीवर सगळ्यांच्यात आहे. आज सकाळी तो माझ्या हाताला आला, मी त्यातच चहा घेतला. सेल्मा ह्यांच्या पितळी पेल्यात प्यायली आणि जीभ भाजली म्हणून ओरडली.

तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही, तो हक्क मी गमावला आहे. तुमच्याजवळ राहावंसं वाटलं तर राहू दे. पण तिने विचारलं, सासूने काय लिहिलंय, तर एवढं नक्की सांगा: चुन्याची डबी मी जपून ठेवली आहे. ती बाळाला घेऊन येईल त्या दिवशी पाच सफरचंदं आणीन. चार निवळीत भिजवीन. पाचवं तसंच पाकात सोडीन, म्हणजे ते फुटेल.

ते तिचं.

अंजना