म्हशीबरोबर सुनेलाही तपासण्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना,
ता. जि. बुलढाणा

विषय : गाभण म्हशीच्या पुढील तपासणीवेळी घरातील गरोदर सुनेचाही खुराक व विश्रांती आपल्या तोंडून ठरवून मिळणेबाबत.
संदर्भ : आपली मागील महिन्यातील गोठाभेट.

महोदय,

अर्जदार ही देऊळघाट येथील श्री. अर्जुनराव वायाळ यांची सून असून तिला सहावा महिना चालू आहे. घरची म्हैसही गाभण आहे. आपण सांगितल्यावरून म्हशीचे दूध काढणे बंद झाले, ढेप वाढली, हरभऱ्याची चुनी सुरू झाली आणि तिला लांब चरायला नेणे थांबले. सासरे गोठ्यातच म्हणाले, "डॉक्टरसायबानं सांगतलं म्हंजे सांगतलं." त्यात आजवर कसूर नाही. ढेपेचे टोपले अर्जदारच उचलते.

अर्जदाराची पहिली मुलगी छकुली पूर्ण दिवस भरून झाली, तरी वजन पावणेदोन किलोच भरले. डॉक्टरीणबाईंनी कारणे तोंडावर सांगितली : आईचे पोट अर्धे, अंगात रक्त कमी, शेवटपर्यंत डोक्यावर ओझे. सासूबाई मंजुळाबाई यांनी ती ऐकून घेतली आणि बाहेर येऊन सांगितले, "लेकरू लहान होतं म्हणून सुटली बाई. पोटभर खाल्लं असतं तं पोट फाडा लागलं असतं." छकुली काचेच्या पेटीत असताना सुखरूप बाळंतपणाची जिलेबी वाटण्यात आली. अर्जदाराला त्या जिलेबीची आजही शिसारी येते.

आता पुन्हा तेच चालू आहे. घरात दाण्याला तोटा नाही; पण सर्वांची जेवणे उरकल्यावर अर्जदारासाठी एकच भाकर झाकून ठेवली जाते. नर्सबाईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या "यानं लेकरू काळं होते" म्हणून उकिरड्यावर गेल्या. आपण म्हशीसाठी दिलेली कॅल्शियमची बाटली मात्र देवघरात ठेवली आहे. पती श्री. ऋत्विक यांना विचारले असता ते "मायले जास्त समजते" एवढे बोलून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायला गेले. या सगळ्याची अर्जदाराला किळस आली आहे. हा शब्द अर्जात बसत नसला तरी तो खोडू नये.

नर्सबाई, आशाताई, डॉक्टरीणबाई यांचे या घरात कोणी ऐकत नाही. आपले ऐकतात. सबब विनंती की, आपण सुनेला माणसात न धरता गोठ्यातले एक गाभण जनावर समजावे आणि तिचाही खुराक सासऱ्यांसमोर मोठ्याने सांगावा. अर्जदार दावणीजवळच उभी राहील. त्यासाठी कानात बिल्ला मारावा लागल्यास तिची हरकत नाही. या खेपेचे लेकरू काचेच्या पेटीत जाऊ नये, एवढेच तिचे मागणे आहे.

आपल्या पुढच्या गोठाभेटीची वाट पाहणारी,
सौ. अनुपमा ऋत्विक वायाळ
देऊळघाट, दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत :
१. छकुलीच्या जन्मवजनाची चिठ्ठी.
२. म्हशीच्या चुनीची पुडी. यातलीच मूठभर काल अर्जदाराने गोठ्यात उभ्या उभ्या खाल्ली. त्यामुळे म्हशीच्या पोटातल्या वासराला काही कमी पडणार असल्यास कृपया कळवावे.