फोनवर मी नव्हतो

३ मार्च

तराजू! अख्ख्या मुलाखतीत तेवढा एक शब्द नीट निघाला आणि नेमके त्यालाच हसले.

म्हणायचं होतं वजनकाटे. पण 'व' घशात असा रुतला की हलेचना. मग पळवाट – "मी तराजू दुरुस्त करतो." टायवाला म्हणतो, "तराजू? भाजीबिजी विकता की काय?" शेजारची बाई खाली मान घालून हसली. अरे, आयुष्य गेलं माझं काटे उघडण्यात – दुकानातले, कारखान्यातले, दवाखान्यात बाळं ठेवतात ते. वर्कशॉप बंद पडलं नसतं तर या माणसाचं तोंडही पाहिलं नसतं मी.

४ मार्च

दादाने शिकवणी सुरू केली. तो गाद्यांच्या दुकानात सेल्समन. जमिनीवर झोपणाऱ्यालाही दोन गाद्या खपवेल. टेबलापलीकडे बसून साहेब होतो – "हं, सांगा आपल्याबद्दल." मी तोंड उघडलं की वाक्य तोच पुरं करतो. तेही चुकीचं! मला म्हणायचं होतं, सुटे भाग जुळवायला आवडतात. मी "सु-सु" वर, तोवर हा – "सुट्टी घ्यायला आवडत नाही! वा, मस्त उत्तर!" वहिनी फिस्सकन हसली. मीही हसलो. आंघोळ करताना राग आला.

६ मार्च

आरशासमोर फडाफडा बोलतो. काय चाटायचंय ते!

८ मार्च



दवाखान्यांचे काटे सांभाळणारी मोठी कंपनी. आज फोनवर मुलाखत. उचलला. समोरून बाईंनी नाव विचारलं. माझं नाव! बाकी कुठल्याही शब्दाला दुसरा शब्द शोधता येतो, याला कुठून आणू? अडकलो. दादाने हातातून फोन ओढला. "हॅलो, सॉरी हं, रेंज गेली होती." आणि माझं नाव सांगितलं – सहज, स्वतःचंच असल्यासारखं. माझं काम, माझी वर्षं, सगळं त्याच्या तोंडून. मी समोर खांबासारखा! मध्येच फोनवर हात ठेवून – "ए, वजन ओळखतो तो आतला भाग, काय म्हणतात त्याला?" मी कागदावर लिहून दिलं. लिहून दिलं मी! दादापेक्षा स्वतःचाच संताप जास्त.

"जमलं! सोमवारी भेटायला बोलावलंय. पार्टी काढ."

९ मार्च

आई म्हणते, "जा रे. घसा बसलाय म्हणून सांग." नोकरीभर काय घसा बसलेलाच ठेवू?

११ मार्च

गेलो. फोनवरच्याच मॅडम. "काय छान बोललात हो त्या दिवशी!"

"फोनवर मी नव्हतो." एवढंसं वाक्य. 'फ' वरच किती वेळ गेला! त्या पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या.

"मग कोण होतं?"

"भाऊ."

"फसवून आलेल्या माणसाला आम्ही कसं ठेवून घ्यायचं?"

अहो बाई, खरं सांगायलाच तर आलो! हे सुचलं जिन्यात. पार्किंगमध्ये मोठ्याने बोललोसुद्धा. स्कूटरशी.

घरी दादा भडकला. "गाढवा, सांगायची काय गरज होती? तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"तू म-माझ्या तोंडचं –"

"तोंडचा घास काढला म्हणतोस?"

"थांब! वाक्य माझं आहे. मला पुरं करू दे."

थांबला. पण वाक्य पुरं होईपर्यंत उठून आत निघून गेला होता.

१४ मार्च

मॅडमचा फोन. मीच उचलला. दुरुस्तीला दुसरा माणूस मिळाला म्हणाल्या. पण गिऱ्हाइकांशी बोलायला एक जागा आहे. "तुमचे भाऊ घरी आहेत का?"

फोन दादाच्या हातात दिला. तो ऐकत राहिला, माझ्याकडे बघत. मग तोंड फिरवून म्हणाला, "हो, येतो ना."

मॅडमना त्याने पहिल्यांदाच स्वतःचं नाव सांगितलं.