डावी बाही

३ मार्च
घर शांत! बायको दिवसभर खुर्चीत झोपून. नव्या गोळीचा हा तिसरा आठवडा. रोज चार वाजले की आरडाओरडा, तिला सांभाळणाऱ्या मावशींना चापट्या — सगळं बंद. मी खूश. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, आई शांत नाही झालेली, बंद पडलीय."
लागलं.

६ मार्च
बायको गुंगीत पडली. नशीब, गादीवर.

७ मार्च
डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान, पण कान उपटण्यात तयार. "काका, स्मृतिभ्रंशात ही गोळी अगदी शेवटचा उपाय. गुंगी येते, तोल जातो, पक्षाघाताचा धोकाही वाढतो. आपण हळूहळू कमी करू, एकदम बंद नाही. काकू कधी आणि कशावरून चिडतात ते लिहून ठेवा."
"पुन्हा ओरडली तर?"
"गॅरेज आहे ना तुमचं? गाडी आवाज करते म्हटलं, तर गिऱ्हाइकाच्या कानात कापूस घालता?"
गॅरेजात गाड्यांना फडकं मारण्यापासून सुरुवात केली मी. चाळीस वर्षांत असं सर्व्हिसिंग कोणी केलं नव्हतं माझं!

१२ मार्च
अर्धी गोळी. जाग आली, बरोबर ओरडणंही आलं. मावशी म्हणतात, "काका, गॅरेजातून एक हेल्मेट आणा."

१५ मार्च
सापडलं! चारला फिरायला न्यायचं म्हणून मावशी तिचे कपडे बदलतात. आज दाराआडून ऐकलं. उजवी बाही — गप्प. डावी बाही — बोंब! जवळ जाऊन खांद्याला कान लावला. हात जरा हलवला की कर्र... ग्रीस संपलेलं बेअरिंग!
दुखतंय तिला. "दुखतंय" हा शब्दच तेवढा हरवलाय. आणि मी म्हणत होतो, हिचं डोकं फिरलंय. इंजिनाचं ऐकतो, बायकोचं नाही!

१७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खांदा आखडलाय. दुखण्यावरची साधी गोळी, पण ठरलेल्या वेळी. शेक. आणि बाही डावी आधी, उजवी मग, म्हणजे दुखरा हात वळवावा लागत नाही.
"एवढंच?" मावशी.
"एवढंच. पण रोज."

२९ मार्च
ती गुंगीची गोळी आता पाव. चापट्या शून्य. हेल्मेटची मागणी मावशींनी मागे घेतली.

११ एप्रिल
कालपासून ती गोळी बंद. आज चारला बायको तयार होऊन माझ्याकडे निरखून बघत होती.
"तुमचं लग्न झालंय?"
"झालंय की."
"मग कॉलर अशी? बायकोचं लक्ष दिसत नाही!"
आणि हात वर करून तिनं ती नीट केली. डावा हात.