लंडनला स्थायिक

प्रिय बाबा,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

कंपनीने मला ट्रेनी म्हणून लंडनला पाठवलं, ते एकाच वर्षाच्या व्हिसावर. तुम्ही कोपर स्टेशनबाहेर 'लंडनला स्थायिक झाल्याबद्दल अभिनंदन' असा बॅनर लावलात, मग सांगायला जीभ रेटेना. व्हिसा संपून महिना झाला. परत येऊन इथे ठाण्यात, माजिवड्याला मित्राच्या रूमवर राहतो आणि फोनवर तुम्हाला लंडनच्या थंडीच्या थापा मारतो.

काल दुपारी समोरच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या पायरीवर तुम्ही दिसलात. एकटेच, मांडीवर फाइल घेऊन. मी रस्त्याच्या अलीकडूनच फोन लावला.

"घरीच आहे रे, टीव्ही बघतोय," म्हणालात. "तू तिथलं सोडून येऊ नकोस हां."

मी म्हटलं, "नाही येत."

तुम्हाला रिक्षा मिळेपर्यंत बघत उभा राहिलो.

तुमचा,
सर्वेश