बिस्किटांच्या डब्यातला कागद

१४ मे, मंगळवार

लाडक्या जनीन,

तू बरी असशील. पोरांचा खोकला गेला का? इथे खाडीतला बर्फ एकदाचा गेला, लॉब्स्टरच्या होड्या रोज निघतात. मांजरी पुन्हा गाभण आहे, या वयात तिला काही वाटत नाही. माझा गुडघा आहे तसाच.

हे माझ्याच हातचं आहे, हं. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. चुका दिसल्या तर हस, पण पुढे वाच.

बातमी अशी की म्युरिएलबाई निवृत्त होताहेत. चर्चच्या तळघरात एकोणीस वर्षं त्यांनी आमच्यासारख्या थोराड विद्यार्थ्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. पंचवीस तारखेला शनिवारी दुपारी त्यांचा निरोप समारंभ आहे. चावडरचं घट्ट सूप, अंड्याची सँडविचेस, सगळं ठरलंय. भेटवस्तू आणलीत तर मागच्या दारानं पळून जाईन, असा बाईंनी दम भरलाय. म्हणून वर्गातल्या ग्लेनिसनं डोकं चालवलं. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकानं स्वतःला न वाचता येणारा एक कागद आणायचा असतो. तो बाईंच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो. वाचायला आलं की दार लावून फक्त बाईंपुढे तो मोठ्यानं वाचायचा. आता सगळ्यांनी आपापला कागद घेऊन उभं राहायचं आणि त्यातली एक ओळ वाचायची, हाच बाईंचा सत्कार.

"सुरुवात वर्नानं करायची," ग्लेनिस माझ्याकडे बोट करून म्हणाली. "आमच्यात सगळ्यात जुनी तीच."

"तिचा कागद म्हणजे चुलीची माहितीपुस्तिका!" डंकन ओरडला. "वर्ना, 'भट्टी थंड होऊ द्या' ही ओळ वाच गं, बाईंना रडूच कोसळेल!"

सगळे हसले. मीही हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

नऊ वर्षं मी लोकांना चुलीची पुस्तिका सांगत आले. डब्यात काय होतं ते बाईंनाच ठाऊक आहे.

मधे उठून चहा ठेवला, तो उतू गेला. चूल पुसली, मग खिडकीशी जाऊन उगाच उभी राहिले. पोस्ट चारला बंद होतं आणि आता तीन वाजलेत. सांगते.

तो कागद तुझा आहे. तुझी शाळा संपत होती, त्या वसंतात आला. मी पाकिटांवरून टपाल ओळखायचे. पाकिटाला पत्ता दिसणारी कागदी खिडकी असली की बिल, नसली की देणगी मागणारे. याला खिडकी नव्हती, म्हणून खणात टाकलं.

वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही. बाई म्हणतात, खोडू नये, पुढे खरं लिहावं.

तुझं नाव मला ओळखता येत होतं. कोपऱ्यातलं दिव्याचं चिन्हही. तू पलंगाशी चिकटवलेल्या नर्सिंगच्या त्या माहितीपत्रकावर तेच होतं. तुझे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या चिठ्ठीपर्यंत सगळं तूच मला वाचून दाखवायचीस. तू शिकायला हॅलिफॅक्सला गेलीस तर मला कोण वाचून दाखवणार, एवढंच माझ्या मनात आलं. पाकीट पिठाच्या डब्यामागे सारलं.

तू रोज संध्याकाळी विचारायचीस, "आई, आलं का गं काही?" मी नाही म्हणायचे. जूनअखेर तू म्हणालीस, "त्यांना मी हवी असते तर कळवलं असतं. जाऊ दे." आणि मासळीच्या कारखान्यात लागलीस. आठ वर्षं त्या गार पाण्यात हात घातलेस. अल्बर्टाला गेलीस तरी फोनवर अजून म्हणतेस, "मला कुठे तेवढं डोकं होतं!" होतं गं. त्यांनी तुला जागा दिली होती.

मी ते पत्र बाईंपुढे वाचलं. बाईंनी माझा गार झालेला चहा तापवून आणला आणि म्हणाल्या, "वाचणं झालं, वर्ना. आता लिहायला शीक. पहिलं पत्र कुणाला, ते तुला माहीत आहे."

मी शिकले. बियाणांच्या दुकानाला लिहिलं, बिशपना लिहिलं, रेडिओला हवामान चुकतं म्हणून लिहिलं. दर मंगळवारी बाई विचारतात, "पाठवलंस?" मी म्हणते, "पुढच्या आठवड्यात." पंचवीस तारखेनंतर मला कुणी विचारणार नाही. मी आयती सुटेन, आणि त्याचीच मला भीती वाटते. रात्र रात्र डोळा लागत नाही.

त्यांच्यापुढे ती चुलीची पुस्तिका धरून मी उभी राहू शकत नाही. तुझा कागद गावासमोर वाचणंही बरोबर नाही, तो आधी तुझ्या हातात पडायला हवा. म्हणून सोबत पाठवतेय. शनिवारी माझे हात रिकामे असतील. मी एवढंच म्हणेन, "पाठवलं, बाई." डंकनला काय हसायचं ते हसू दे.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तुझी इतकी वर्षं घेऊन वर आणखी काही मागायचं धाडस होत नाही. फोन केलास तर उचलेन. नाही केलास तरी फोनपाशीच आहे.

साडेतीन झाले. कोट घालते.

घरात आलेलं प्रत्येक पत्र तू मला वाचून दाखवलंस. हे एक तुझं तूच वाच.

तुला जाऊ न देणारी,
तुझी आई