न अडखळता वाचलेलं पान

सर,

स्वतः लिहिलेल्या पानावरची चूक स्वतःला का दिसत नाही, हे कोडं तुम्ही मला शाळेत असताना घातलं होतं. आता ते मी दर वर्षी माझ्या विद्यार्थ्यांना घालते. दुसऱ्याच्या वहीत गळलेला शब्द क्षणात टोचतो, आपल्या पानावर मात्र चारदा नजर फिरवूनही तो सापडत नाही. उत्तर मी मोठ्या उत्साहानं फळ्यावर मांडते. डोळे कागदावर असतात, पण मन कागद वाचत नसतं; काय लिहायचं होतं ते त्याला आधीच ठाऊक असतं, आणि ते आपल्याजवळचंच वाक्य कागदावर पसरून मोकळं होतं. मुलं माना डोलावतात. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या वर्गात मी इथंच थांबते. पुढचा भाग तुम्हाला लिहिते आहे.

या कोड्यावर आपण दोघांनी एक उपाय शोधला होता. तुम्ही रहिमतपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन तासगावला घरच्या द्राक्षबागेत परतलात, मी सांगलीत पदार्थविज्ञान शिकवू लागले, आणि महिन्यातल्या एका रविवारी एसटीनं तुमच्याकडे येऊ लागले. आपलं पान आपण वाचायचं नाही, हा नियम. तुमचं मी मोठ्यानं वाचायचं, माझं तुम्ही. वाचणाऱ्यानं ते आधी पाहिलेलं नसावं. लिहिणाऱ्यानं मांडीवर कोरा कागद घेऊन गप्प बसायचं आणि वाचणारा जिथं अडखळेल तो शब्द टिपून ठेवायचा. मत द्यायचं नाही, कौतुक तर मुळीच नाही. अडखळलेलं वाक्य घरी न्यायचं; न अडखळलेलं पान छापायला पाठवायचं. समोरच्या शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं सुकत असायची, दाराशी बायका बेदाणा निवडत बसलेल्या असायच्या, आणि काकू चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "आवं, एवढ्यासाठी ही पोरगी सांगलीवरनं येती व्हय? त्या बाया काड्या येचत्यात, तुमी शब्द येचताय." तुम्ही शांतपणे म्हणायचात, "त्यांचा माल खपतो तरी. आमचा तसाच पडून हाय."

शेवटची कादंबरी तुम्ही भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर नेलीत. त्या बेटावर दोन लेखक मित्र राहतात, एक डोंगरावर, एक बंदराजवळ; आणि खालचा रोज संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून वरच्याची वाट पाहतो, कारण त्याचं पान वाचणारं बेटावर दुसरं कुणी नाही. मी रीतीप्रमाणे शंका काढली होती. तुम्ही कोकणापलीकडे समुद्र पाहिलेला नाही, मग हे बेट कशाच्या आधारावर? तुम्ही शेडकडे बोट दाखवलंत. "तिथंही द्राक्षंच वाळवतात, प्राध्यापकीणबाई. ऊन आपलं, द्राक्षं आपली, भांडणंही आपली. समुद्र तेवढा उसना आणलाय." शाळेच्या जुन्या नकाशाचं पान तुम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. त्यावर तुमचं बेट नव्हतंच. निळ्या रंगात पेन्सिलीनं एक ठिपका काढलेला होता.

त्याच सुमारास तुम्ही मला बागेच्या बांधापर्यंत नेलंत. काकू ऐकत नाहीत याची खात्री करून म्हणालात, "डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. काल एका जागी दोनदा पाणी सोडायला गेलो. हिला सांगू नकोस. तू वाचत राहा. ज्या दिवशी तू फार अडखळशील, त्या दिवशी मी पेन ठेवीन." मी होय म्हटलं. किती अचूक मापयंत्र निवडलंत तुम्ही, असं मनात आल्याचंही आठवतं.

आणि मग तो मार्चमधला रविवार. ऊन कलतं आहे. तुमच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवण आटपायचं असतं, त्यामुळे काकू आतून दोनदा हाक मारून गेल्या आहेत. "झालं का न्हाई? दिस बुडल्यावर मी ताट वाढणार न्हाई, सांगून ठेवते." माझ्या हातात शेवटचं प्रकरण आहे, तुमच्या घोटीव अक्षरातलं. खालचा मित्र धक्क्यावर उभा आहे, चष्म्याची काच सदऱ्याला पुसतो आहे, होडी येताना दिसते आहे. सुंदर परिच्छेद आहे. मी पान उलटते. खालचा मित्र धक्क्यावर उभा आहे, चष्म्याची काच पुसतो आहे. तोच परिच्छेद, शब्दन् शब्द. त्याच्या खाली पुन्हा तोच. मी मान वर करते. तुम्ही डोळे मिटून बसला आहात, मांडीवरचा कागद कोरा आहे, आणि चेहऱ्यावर असं समाधान आहे की मी ते मोडू शकत नाही. आवाज किंचितही न बदलता मी दोन परिच्छेद ओलांडते आणि होडीतून उतरणाऱ्या मित्रापाशी पोचते.

"एकदाही नाही?" तुम्ही विचारलंत.

"एकदाही नाही, सर."

"मग अजून जमतंय म्हणायचं," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी भाकरी जास्त खाल्लीत.

पुढचं सगळं आपल्याच नियमानं घडलं. पान छापायला गेलं. छापखान्यातल्या माणसानं लिहिलं तसं उतरवलं. सरांच्या अक्षराला हात लावण्याची त्याची छाती नव्हती. मुद्रितं तुम्ही स्वतः तपासलीत, आणि आपली चूक आपल्याला दिसत नाही. प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्या वक्त्यांनी नेमका तोच भाग निवडला. तिन्ही परिच्छेद त्यांनी ठासून वाचले आणि पुनरावृत्तीतून प्रतीक्षा कशी साकारते यावर ते बराच वेळ बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही व्यासपीठावरून माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे. गणित सोडवून झाल्यावर उत्तर ताळ्यासाठी पाहावं तसं.

परतीच्या गाडीत काकू पुढं बसल्या होत्या. तुम्ही हळूच म्हणालात, "तू एकदाच वाचलं होतंस."

मी मांडीवरचं पुस्तक पिशवीत ठेवलं.

"त्या दिवशी लय गोड वाचलंस गं." बराच रस्ता गेल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणालात, "अडखळायला काय झालं होतं?"

त्यानंतर तुम्ही एकही पान लिहिलं नाहीत. माझी पानं मात्र वाचत राहिलात, शब्द हातातून निसटू लागले तरी. तुमचं अडखळणं माझ्या वाक्यामुळे की आजारामुळे हे मला कळेना. मी तरी प्रत्येक शब्द टिपला, घरी नेऊन तपासला, आणि बहुतेक ठिकाणी वाक्यच वाकडं निघालं. शेवटच्या रविवारी तुम्ही माझं नाव विसरला होतात. माझ्या पानावरची एक लबाडी मात्र तुमच्या जिभेनं बरोबर पकडली.

तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. आता फोनसुद्धा पान मोठ्यानं वाचून दाखवतो, पण तो कशालाच अडखळत नाही, म्हणून माझ्या कामाचा नाही. आपल्या पद्धतीतली उणीव मला उशिरा सापडली. सगळा भार वाचणाऱ्याच्या खरेपणावर होता. दुरुस्ती अगदी सोपी आहे, कुणीही करून पाहावी. आपलं पान आपल्यावर माया असलेल्या माणसाला वाचायला द्यावं, आणि दुसरी प्रत आपल्या हातात ठेवून ओळीखाली बोट फिरवत ऐकावं. बोट आणि आवाज जिथं वेगळे होतील, तिथं आपल्याला काय कळू दिलं जात नाही ते कळेल.

हे पत्र मी काल तसंच तपासलं. वाचायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच मोठ्यानं वाचलं, बोट ओळीखाली धरून. तुमच्या चेहऱ्यावरचं समाधान मोडू शकत नाही, या वाक्याशी मी अडखळले. त्या रविवारी तुमचा चेहरा मी नंतर पाहिला, सर. आधी मनात आलं होतं ते वेगळंच. तुम्ही पेन ठेवलंत, तर माझी पानं कोण वाचणार?