करवतीचं खालचं टोक

नंदुरबार,
माघ शुद्ध अष्टमी, शके १८५७

प्रिय कमल,

'सौ.' आता लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' लिहायला हात धजला नाही, म्हणून पाकिटावर काहीच लिहिलेलं नाही. पत्र पोस्टातून पाठवत नाही. आमच्या शाळेतल्या सरलाबाई बहिणीला भेटायला तुमच्या प्रकाशा गावी निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देते आहे. त्या उघडणार नाहीत असं वाटतं. तरी पाकिटाच्या कडेला खळ जास्त लावली आहे. ती सुटलेली दिसली तर मला कळव.

तानी बरी आहे. जेवते. तिला खोकला नाही, हे मी रोज कान देऊन ऐकते. आई तिला माझ्याजवळ झोपू देते, पण तुझं नाव काढू देत नाही. तुझ्या थोरल्या बहिणीला क्षय झाला होता, तोच तुझ्यामार्फत दादाला लागला, हे आईने धरून ठेवलं आहे. दारात कोणी टेकलं की सुरू होते, "तिना घरनी हवा लागनी मन्हा पोऱ्याले." तुझी ताट-वाटी तिने भंगारवाल्याला देऊन टाकली. दादाची मात्र ठेवली आहे.

त्यात आता करवतीचं निघालं आहे. दादा गेला त्या दिवसापासून त्याची मोठी करवत सापडत नाही. तेराव्याला वखारीचे शांतीलाल शेठ आले होते. म्हणाले, सुकलालची जागा मी घरातच ठेवतो, सुनेच्या भावाला पाठवा, करवत तेवढी त्याने आणावी. भिलाने होकार कळवल्याचं ऐकलं. शेठला आपला एवढा कळवळा कुठून आला हे मला समजत नाही. वखारीत काम मागणारे स्टेशनपासून रांग लावतील, पण दादा ओंडके कापायचा त्या खड्ड्यात उतरायला कोणी तयार नाही असंही ऐकते. आईला शेठचं काहीच खटकलं नाही. तिने एवढंच काढलं की करवत तू भिलासाठी आधीच नेलीस. "करवत येऊ दे, मंग पोरनं देखू," हे तिचं शेवटचं बोलणं. म्हणजे करवत येईपर्यंत तानी तुला मिळायची नाही.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मीही तुझ्याकडे संशयाने पाहिलं. मग लक्षात आलं की ती करवत माणसापेक्षा लांब आहे. माहेरी जाताना तू लुगड्याचं एक गाठोडं घेऊन गाडीत बसलीस, ते मी पाहिलं होतं. करवत काय पदराखाली नेणार होतीस?

मग माझा संशय गोवालवर गेला. दादाचा जोडीदार, धडगावच्या डोंगरातला पावरा. मयताला आला नाही, तेराव्याला आला नाही. तुला त्यांच्या कामाची रीत माहीत आहेच. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकतात, एक माणूस वर उभा राहतो, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघे मिळून करवत वर-खाली ओढतात. करवत ज्याची तो वर. खालच्याने नुसतं ओढायचं आणि भुसा तोंडावर घ्यायचा. करवत दादाची होती. घरी तो नेहमी सांगायचा, मी वर असतो. पण मयताला आंघोळ घातली तेव्हा त्याच्या कानांतून भुसा निघाला. नखांतून, मानेच्या वळ्यांतूनसुद्धा. शेवटचा पंधरवडा अंथरुणाला खिळलेला माणूस, तरी निघाला. वर उभा राहणाऱ्याच्या कानात भुसा कसा जाईल? तू त्याचं धोतर अंगणात झटकायचीस तेव्हा केवढा ढग उठायचा ते आठव. तू कधी विचारलंस का? आपण दोघी एका वर्गात शिकलो, आणि त्या ढगातून तोंड फिरवून बाजूला झालो.

मला वाटलं, गोवालने दादाला कशात तरी अडकवलं असणार. नाहीतर सुताराचा मुलगा, स्वतःची करवत असताना, पावऱ्याच्या पायाखाली कशाला उभा राहील? आणि आता करवतही त्यानेच लांबवली. शाळा सुटल्यावर मी वखारीत गेले. शेठ सुरतेला गेले होते. गोवाल रेल्वेच्या स्लीपरांच्या थप्पीमागे बसला होता. मला पाहून उठला आणि पागोट्याच्या टोकाने तोंड पुसायला लागला. मी विचारलं, करवत कुठे आहे? तो म्हणाला, "शे." आहे एवढंच, कुठे ते नाही. मयताला का आला नाहीस, विचारलं. तर म्हणाला, "तुम्हनी माय मन्हाकडे देखती ना, बाई, ते माले खोटं बोलता येतं नही."

मग त्याने सांगितलं ते असं. सुरुवातीला खाली तोच असे. दोन हंगामांतच त्याची छाती भरली, शिसव कापायला लागले की रात्री बसून काढायचा. तेव्हा दादाने त्याला वर घेतलं आणि स्वतः खाली उतरला. थोडे दिवस म्हणून. घरी मात्र सांगू नको म्हणाला, जातीतले हसतील. वर गेल्यावर गोवालचा खोकला ओसरत गेला. आणि मागच्या उन्हाळ्याआधी दादाला सुरू झाला. "तो माले बोलना, गोवाल, तू वर गया तुन्हा खोकला गया. मी खाले उनू, माले लागना. क्षय काय खड्डामा ऱ्हास का?" हे सांगताना तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. मग दादा वर का आला नाही, विचारलं. म्हणाला, मी सांगितलं, पण तो म्हणे, "तुन्हा पोरे धाकला शेतस."

मला राग आला, कमल. अजून आहे. तानी काय मोठी होती?

करवत कुठे आहे ते गोवालने बोटाने दाखवलं. खड्ड्यातच, भुशाखाली पुरलेली. शेठच्या माणसांनी वखार धुंडाळली, पण क्षयाचा माणूस जिथे खोकला तिथे कोणी उतरलं नाही. दादाने शेवटी त्याला बजावलं होतं, ही माझ्या घरातल्या कोणाला देऊ नको.

घरी येऊन मी आठवत बसले. मागच्या आखाजीच्या सणाला तू माहेरी गेलीस. आईने त्याच दिवशी दादाच्या दंडाला गंडा बांधला. थोड्याच दिवसांत पाऊस लागला आणि दादा बरा झाला. आई म्हणाली, गंडा पावला आणि ती गेली तेही बरंच झालं. दिवाळीनंतर तू भाऊबीज करून परत आलीस आणि खोकला पुन्हा आला. आई म्हणाली, माहेराहून घेऊन आली. तेव्हा हिशेब किती बरोबर वाटला होता. पण पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, काम बंद असतं. आणि आखाजीहून तू पाऊस लागायच्या आतच परतली होतीस, तो पावसाळाभर इथेच होतीस. तो तुझ्या हातचं जेवला, तुझ्या शेजारी झोपला, आणि एकदाही खोकला नाही. दिवाळीनंतर तू आलीस तेव्हाच खड्डाही कोरडा झाला होता. आईला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तू शिकेल शे, म्हनीसन काहीबी जोडस." गंडा अजून तिच्या देव्हाऱ्यात आहे.

मी डॉक्टर नाही. इथल्या दवाखान्यात दादाला थुंकी तपासायला धुळ्याला जा म्हणाले होते, तो गेला नाही. मी कोणाचंच पूर्ण खरं मानत नाही, गोवालचंही नाही. पण शेठला खड्ड्यात माणूस हवा आहे आणि खोकला तुझ्या घरचा ठरला तर खड्ड्याला कोणी नाव ठेवणार नाही, एवढं मला दिसतं. गोवाल म्हणतो, क्षय हा शब्द तेराव्याच्या आधीच वखारीत फिरत होता. कोणी सोडला ते तो सांगत नाही. त्याला तिथेच पोट भरायचं आहे.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. महाशिवरात्रीला मी तानीला घेऊन तुमच्या गावच्या केदारेश्वराच्या दर्शनाला येते आहे. आईला सांगितलं आहे की दादाच्या नावाने अभिषेक करायचा आहे. तिने स्वतः बेल आणून ठेवायचं कबूल केलं आहे. तू सकाळी घाटावर ये, होडी लागते तिथेच, पण आम्ही उतरल्यावर धावत येऊ नकोस. आमच्या गल्लीतली माणसंही जत्रेला असतील. तानी तुला ओळखेल, तिला मी तशी तयार ठेवते. भिलाला सोबत आण. करवतीचं मी त्याला तोंडाने सांगेन. शेठकडून पुन्हा निरोप आला तर त्याने एवढंच विचारावं, वर उभं राहायचं की खाली? परतीच्या होडीत मी एकटी बसेन. आईला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. तानीचे दोन झगे आणि दादाची वाटी पूजेच्या पिशवीत तळाशी घातली आहे. वर बेल राहील.

वाचून चुलीत घाल.

तुझीच,
धनू